स्केलवर्थच्या चर्चमधला तिसरा खांब

आमच्या नॉटिंगहॅमच्या विहारात दर महिन्याला कुणीतरी नवं येतं. पुणे, मुंबई, नागपूरहून व्हिसावर आलेली तरुण मुलं-मुली असतात. वंदना झाली की चहा घेताना ओळखी होतात आणि कुणीतरी विचारतं, "काकू, तुम्ही काय करता?"

"चर्च बघायचे. आता रिटायर झाले."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागतात. एका मुलाने तर बिस्किट हातात तसंच धरून हळू आवाजात विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही कन्व्हर्ट झालात का?"

झाले नाही. मी आर्किटेक्ट आहे. नागपुरात शिकले. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, इथल्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी लागली म्हणून त्याच्याबरोबर आले आणि एका लहानशा ऑफिसात लोकांच्या किचन एक्स्टेन्शनची ड्रॉइंग्ज काढायला लागले. त्या ऑफिसकडे जुन्या चर्चच्या देखभालीचंही काम होतं. ते करणारा म्हातारा पार्टनर शिडीवर चढायला कंटाळला होता, म्हणून त्याने मला चढवलं. मी उतरले ती थेट रिटायर होतानाच.

इंग्लंडात जवळजवळ प्रत्येक गावाला आपलं एक पॅरिश चर्च असतं, म्हणजे त्या गावाचं आणि आसपासच्या वाडीवस्तीचं. त्यातली कितीतरी आठशे-नऊशे वर्षांची आहेत. दर पाच वर्षांनी एका आर्किटेक्टने चर्च वरपासून खालपर्यंत तपासून रिपोर्ट द्यायचा असा नियम आहे. ते माझं काम. टॉर्च, दुर्बीण, काठीला बांधलेला आरसा आणि गिलावा वाजवून बघायला लाकडाची छोटी हातोडी, एवढं सामान. बहुतेक दुखणी पावसाच्या पाण्याची असतात. मी आयुष्यभर जे रिपोर्ट लिहिले, त्यातले निम्मे "गटर साफ करा" एवढ्यात आटोपले असते.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. एका गावात मी येणार असं कळलं की आदल्या दिवशी भेगांमध्ये प्लास्टर भरून वर रंग मारून ठेवायचे. बाई लांबून येते, तिला बिचारीला वाईट दिसू नये म्हणून. दुसऱ्या एका ठिकाणी छपराचं काम वर्षभर अडलं, कारण तिथे वटवाघळांनी पिल्लं घातली होती आणि इथे वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. तिथला व्हिकर, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणाला, "रविवारी न चुकता येणारे तेवढेच आहेत. त्यांना कसं हाकलू?"

भेग दिसली म्हणून कुणी घाबरायचं नसतं. जुन्या इमारतीला भेगा असतातच. प्रश्न एकच असतो, भेग जिवंत आहे की मेलेली. दोनशे वर्षांपूर्वी भिंत खचली, भेग पडली आणि तिथेच थांबली, तर ती मेलेली. तिच्यात कोळ्याची जुनी जाळी असतात, कडा काळवंडलेल्या असतात. जिवंत भेगेच्या कडा स्वच्छ असतात. खात्री नसेल तर भेगेवर आडवी, दोन सरकत्या तुकड्यांची प्लास्टिकची मोजपट्टी चिकटवायची आणि महिनोन्महिने वाट बघायची. ही वाट बघणं हेच माझ्या कामातलं सगळ्यात अवघड होतं. मला मुळात स्वस्थ बसता येत नाही. रेस्टॉरंटमध्ये गेले तरी आधी छताकडे बघते. मिलिंद म्हणतो, "तू जेवायला आली का इन्स्पेक्शनला?"

स्केलवर्थ हे काही त्या गावाचं खरं नाव नाही. तिथल्या माणसांना त्रास नको म्हणून बदललं आहे. नॉटिंगहॅमच्या पूर्वेला, सपाट शेतांच्या मधोमध गाव आहे. चर्च बाहेरून पाहिलं तर एकच इमारत वाटते. आत गेलं की कळतं, चार-पाच काळांतल्या इमारती एकमेकींत घुसल्या आहेत. उत्तरेकडचे खांब सगळ्यात जुने, नॉर्मन राजांच्या वेळचे. बुटके, कवेत न मावणारे, वर अर्धगोल कमानी. दक्षिणेकडचे खांब नंतरचे, सडपातळ, त्यांच्या कमानींना टोक आहे. पश्चिमेचा मनोरा त्याहूनही नंतरचा. मग कधीतरी गावात लोकरीचा पैसा आला. लोकांना आत उजेड हवासा वाटला, म्हणून दोन्हीकडच्या भिंती उंच करून वर खिडक्यांची रांग बसवली. खालच्या बुटक्या खांबांवर तो सगळा नवा भार आला. पुढे देश कॅथलिकचा प्रोटेस्टंट झाला, भिंतींवरची चित्रं चुन्याखाली गेली, दगडी संतांची डोकी उडवली गेली. शेवटी व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, म्हणजे व्हिक्टोरियन लोक आले आणि त्यांनी सगळं नीटनेटकं केलं. आमच्या धंद्यात हे शेवटचं वाक्य जरा काळजीनेच म्हणतात.

उत्तरेकडच्या ओळीतला तिसरा खांब बाहेरच्या बाजूला कललेला होता. नुसत्या डोळ्यांनी कळायचं. त्याच्या कमानीच्या माथ्यावरून एक भेग वरच्या खिडकीपर्यंत गेली होती.

"ती माझ्या लग्नातही होती," जीन म्हणाली.

जीन तिथली चर्चवॉर्डन. वॉर्डन म्हणजे गावानेच निवडलेलं माणूस. इमारत, किल्ल्या, सामानसुमान यांची जबाबदारी त्याच्याकडे असते, आणि पगार नसतो. जीनने शाळेच्या किचनमध्ये पोरांना जेवण वाढण्यात आयुष्य काढलं होतं. सत्तरीची, ठेंगणी, आवाजात पोरांना रांगेत उभं करण्याची जरब. तिचा नवरा आर्थर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि चर्चच्या घंटा वाजवायचा. मनोऱ्यात सहा घंटा होत्या. इथे घंटा दोरीने पूर्ण गोल फिरवतात. एका दोरीला एक माणूस, आणि सगळ्यांनी आपापल्या क्रमाने ओढायचं. आर्थरची पाचवी.

पहिल्या भेटीत मला मनोऱ्यावर आर्थरच घेऊन गेला. अर्ध्या जिन्यात त्याला दम लागला. तो दगडी पायरीवर बसला आणि त्याने विचारलं, "तुमच्या देवळात घंटा असते का?"

"आमच्या विहारात एक असते. लहानशी. हाताने वाजवतो."

"एकच? मग तुमच्यात भांडणं होत नसतील."

खाली उतरल्यावर त्याने मला बाकं दाखवली. पहिल्या रांगेतल्या बाकाला छोटं दार होतं. ते जमीनदाराच्या घराण्याचं. मग मोठे शेतकरी, मग दुकानदार. शेवटी मनोऱ्याच्या भिंतीला लागून पाठ नसलेली एक फळी होती.

"माझा आजोबा इथे बसायचा," आर्थर म्हणाला. "शेतमजूर. लग्न, बारसं, मरण, सगळं इथूनच बघायचं. वेदीकडे जाणारी ती पायरी दिसते ना, तिच्यापुढे जमीनदारांच्या शवपेट्या ठेवायचे. आमच्या लोकांना दारातूनच आशीर्वाद देऊन बाहेर न्यायचे. आता असलं काही उरलेलं नाही. पण माझी पेटी मात्र त्या पायरीसमोर ठेवा, असं मी जीनला सांगून ठेवलंय."

"आणि मी त्याला सांगितलंय की फरशी मीच पुसते, तेव्हा लवकर उचला," जीन म्हणाली.

मी हसले, पण मनात दुसरीच पायरी होती. माझे आजोबा उमरेडकडच्या गावातले. गावातल्या देवळाच्या पायरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. पुढे त्यांनी देवळाचा नादच सोडला आणि दीक्षा घेतली. हे मी आर्थरला सांगितलं नाही. कामाच्या ठिकाणी मी असलं काही बोलत नसे. पण घरी जाताना वाटेत गाडी थांबवून थोडा वेळ बसून राहिले.

तिसऱ्या खांबावरच्या भेगेला मी मोजपट्टी लावली. त्या वर्षीचा उन्हाळा भयंकर कोरडा गेला. या भागातली जमीन चिकणमातीची आहे. ती वाळली की आकसते आणि तिच्यावर उभं असलेलं सगळं थोडं थोडं हलतं. जुलैमध्ये पट्टी किंचित सरकली होती. ऑगस्टमध्ये आणखी थोडी. पाऊस पडला की माती फुगेल, भेग मिटेल, असं मी रिपोर्टात लिहिलं आणि कॉलिनला फोन केला. कॉलिन माझ्याबरोबर काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर. कमी बोलणारा, आणि बोललं तर वाक्याच्या शेवटी "बहुतेक" लावणारा.

सप्टेंबरात पाऊस आला, पण भेग मिटली नाही. मी काही ना काही निमित्त काढून दर आठवड्याला स्केलवर्थला जायला लागले. शनिवारीसुद्धा. माझी मुलगी प्रज्ञा इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. ती म्हणायची, "मम्मा, तू परत तो भिंत बघायला गेलास?" मी तिला दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. खरं म्हणजे माझं लक्षच नसायचं. भाजी चिरताना, मीटिंगमध्ये, प्रज्ञाच्या ग्रॅज्युएशनच्या समारंभातसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर तो खांब उभा. मिलिंद एकदा वैतागून म्हणाला, "काय एवढा विचार करून राहिली? आठशे वर्षं उभा आहे ना तो?"

सगळे हेच म्हणत होते, आणि मला याचाच राग येत होता. आठशे वर्षं उभा आहे म्हणजे उद्याही उभा राहील, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी मी गेले तेव्हा तिसऱ्या खांबाजवळच्या बाकावर पांढरी भुकटी पडलेली होती. बोटाने उचलली. ताजी होती. वर दुर्बीण लावली. कमानीतला माथ्याचा दगड शेजारच्या दगडांपेक्षा जरासा खाली आलेला दिसत होता. मी कॉलिनला बोलावलं. तो दुपारी आला, खांबाभोवती फिरला, खाली वाकला, गुडघ्यांवर बसून फरशीला कान लावल्यासारखं करून त्याने ती ठोकून पाहिली.

"शंभर वर्षं टिकेल, बहुतेक," तो म्हणाला.

"आणि नाही टिकला तर?"

"तर केव्हा पडेल ते सांगता येणार नाही. फरशी इथे पोकळ वाजतेय. खाली काय आहे, मला माहीत नाही."

"टेकू लावून घेऊ या?"

"लावू. पण उभे कशावर करणार? त्याच फरशीवर? आधी खणून बघावं लागेल. परवानग्या धरून काही महिने जातील."

"तोवर लोकांनी आत यायचं का?"

"मी माझ्या बायकोला इथे बसवणार नाही," तो म्हणाला. त्या वाक्याला त्याने "बहुतेक" लावलं नाही.

मी तिथूनच व्हिकरला फोन लावला. हेलन तिचं नाव. तिच्याकडे सात गावांची सात चर्च होती आणि ती कायम गाडीतून बोलायची. मी म्हणाले, चर्च आजपासून बंद करा. तिने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाली, "तुम्हाला कळलं नाही का? आर्थर आज पहाटे गेला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. चर्चला कुलूप मी लावू शकत नाही. मी फक्त सल्ला देते. लावायचं की नाही हे व्हिकर आणि वॉर्डन ठरवतात आणि किल्ली वॉर्डनकडे असते. म्हणजे जीनकडे.

दुसऱ्या दिवशी मी आणि हेलन जीनच्या घरी गेलो. किचनच्या टेबलावर शेजाऱ्यांनी आणून दिलेले केक झाकून ठेवले होते. जीनने आम्हाला चहा दिला, आमचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळली.

"दहा मिनिटं," ती म्हणाली. "फक्त घरची माणसं. घंटा नाही वाजवणार. त्याला आत आणू, पायरीपुढे ठेवू, हेलन प्रार्थना म्हणेल, आणि बाहेर नेऊ. मी तुम्हाला लिहून देते की जबाबदारी माझी."

"ते लिहून देण्यावर नाही, जीन."

"कुणाला काही झालंच तर मला होईल. मी त्याच्या शेजारी उभी असेन."

"पेटी उचलणारे सहा जण असतील. तुमचा मुलगा असेल."

ती उठली, केटलमध्ये पुन्हा पाणी भरलं. पाठमोरी असतानाच तिने विचारलं, "तुम्ही तुमच्या माणसाला कधी पोचवलंय?"

"वडिलांना नाही पोचवता आलं," मी म्हणाले. "विमानं बंद होती. फोनवर पाहिलं. मध्येच नेटवर्क गेलं आणि परत आलं तेव्हा सगळं झालं होतं."

ती वळली. "मग तुम्हाला कळायला हवं."

"कळतंय."

"आणि तरी?"

"आणि तरी."

हेलनने तिचा हात धरायचा प्रयत्न केला. जीनने तो सोडवून घेतला. मग कोट घातला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि आमच्याकडे न बघता चर्चकडे चालायला लागली. आम्ही मागे. दाराशी पोचल्यावर ती आत गेली. मला तिला थांबवायचं होतं, पण हेलनने मला अडवलं. जीन पायरीपर्यंत गेली, तिथे उभी राहिली आणि मग सावकाश परत आली. दार ओढलं, कुलूप लावलं. किल्ली तिने हेलनच्या हातात दिली. माझ्या नाही.

त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं सोडलं.

आर्थरचं अंत्यकर्म चर्चच्या दक्षिणेकडच्या पोर्चबाहेर, उघड्यावर झालं. इतर वादकांनी आपापल्या घरून हातातल्या छोट्या घंटा आणल्या होत्या. गवतात गोल करून उभे राहून त्यांनी त्या वाजवल्या. पाचव्या घंटेच्या वेळी कुणीच काही वाजवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. दर फेरीत पाचवी जागा रिकामी जायची.

मी फाटकाजवळ उभी होते. मला बोलावणं नव्हतं, पण न जाणं मला जमलं नाही. माझ्यापुढे उभा असलेला एक माणूस दुसऱ्याला म्हणाला, "इतक्या पिढ्या आत गेल्या. आणि आता एक बाई येते, जिचा या चर्चशी काडीचा संबंध नाही, ती सांगते आत जाऊ नका." त्याला मी मागे आहे हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. प्रार्थना चालू असताना माझा एक कान भिंतीकडे लागलेला होता. खरं सांगते, आतून दगड कोसळल्याचा आवाज यावा, असं मला त्या अर्ध्या तासात वाटत होतं. एकच दगड. रिकाम्या चर्चमध्ये, कुणालाही इजा न होता. म्हणजे सगळ्यांना कळलं असतं.

काहीच पडलं नाही. पाऊस आला, लोक छत्र्या उघडून गेले.

हिवाळाभर काहीच पडलं नाही. माझ्या कामाचं हे असं असतं. डॉक्टरचा पेशंट बरा झाला तर दिसतो. मिलिंदला लोक दुकानात थांबवून थँक यू म्हणतात. मी ज्यांना वाचवलं असेल नसेल, त्यांना ते कळणार नाही, आणि मलाही कळणार नाही. मी मोजपट्टी बघायला जायची, हेलन किल्ली द्यायची. पट्टी कधी सरकलेली असायची, कधी नसायची. नसली की मला चोरट्यासारखं वाटायचं. मी उगाच घाबरले का? एका म्हाताऱ्या बाईचा एवढा एक क्षण मी उगाच घेतला का? गावात चर्चच्या दुरुस्तीसाठी पैसे जमवायला जत्रा भरवली, सूप-लंच झाले. जीन सगळ्यांत राबत होती. मी गेले की ती किचनमध्ये निघून जायची.

परवानग्या वसंत ऋतूत आल्या. खणणारे लोक आले, त्यांच्याबरोबर एक पुरातत्त्ववाली मुलगी, कारण इथे चर्चमध्ये फावडं मारलं की कुणाचं ना कुणाचं हाड लागतंच. तिसऱ्या खांबाच्या बाजूची फरशी उचलली. खाली विटांचा एक बोगदा निघाला. व्हिक्टोरियन लोकांनी चर्च गरम ठेवायला जमिनीखालून गरम हवेचा मार्ग नेला होता. सरळ न्यायचा तर वाटेत तिसऱ्या खांबाचा पाया येत होता. त्यांनी तो पाया एका बाजूने तासून काढला. पुढे भट्टी बंद पडली तेव्हा कुणीतरी बोगद्यात राडारोडा भरून वर फरशी बसवली. त्या उन्हाळ्यात माती आकसली तसा तो राडारोडा खाली बसत गेला. खांबाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अधांतरी होता.

कॉलिन खड्ड्यात उतरला, टॉर्च मारला, वर आला आणि शांतपणे म्हणाला, "सगळ्यांनी बाहेर चला. हत्यारं राहू द्या."

बाहेर गवतावर आल्यावर मी त्याला विचारलं, "त्या दिवशी, अंत्यकर्माच्या वेळी, पडला असता का?"

"पडला असता. किंवा आणखी पन्नास वर्षं उभा राहिला असता," तो म्हणाला. "याच्यापुढचं मला विचारू नकोस."

बाहेरच्या बाजूने भिंतीला पोलादी आधार देऊन मग काम सुरू झालं. खांब तोलून धरला आणि खालून थोडा थोडा करत नवा पाया घातला. सिमेंट नाही, चुना. चुना जुन्या दगडाबरोबर हलतो, त्याला फोडत नाही. आधार पक्के झाल्यावर मी हेलनला म्हणाले, जीनला एकदा दाखवू या.

ती आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात नेहमीची कापडी पिशवी. खड्ड्याच्या कडेला उभी राहून तिने तो तासलेला दगड पाहिला. विटांची कमान पाहिली.

"रविवारी घंटा वाजवून झाल्या की आर्थर याच खांबाला टेकून उभा राहायचा," ती म्हणाली. "मी पुढच्या बाकावर. लहान मुलांची रांग इथेच लावायचे मी, ख्रिसमसला."

मी तिला कडेपासून एक पाऊल मागे घेतलं.

"तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "पण म्हणून मला काही बरं वाटत नाही."

"मलाही नाही."

मग मी तिला माझ्या आजोबांबद्दल सांगितलं. का सांगितलं ते मला नीट माहीत नाही. क्षमा हवी होती म्हणून नव्हे. मी म्हणाले, आर्थरने पायरीपुढच्या जागेची गोष्ट सांगितली तेव्हा ती मला कुणी समजावून द्यावी लागली नव्हती. ज्या माणसांना तिथे येऊ दिलं नाही त्यांच्यातली मी, आणि त्याला तिथे येऊ न देणारीही मीच झाले.

जीनने हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. "तुमच्या आजोबांनी पुढे काय केलं? देवळात गेले का नंतर?"

"नाही. त्यांनी दुसरा रस्ता धरला. पुन्हा तिकडे गेलेच नाहीत."

"हट्टी दिसतात."

"होते."

"मला आवडले असते," ती म्हणाली आणि पिशवी सावरत निघून गेली.

चर्च पुन्हा उघडलं तोवर दुसरं वर्षही सरत आलं होतं. पहिली सर्व्हिस, म्हणजे प्रार्थनासभा, आर्थरसाठी ठेवली होती. मला या वेळी बोलावणं होतं. मिलिंदही आला, सूट घालून. आत पाय ठेवला आणि माझी मान आपोआप वर गेली. कमान, माथ्याचा दगड, बुजवलेल्या भेगेचा फिकट पट्टा. आधार काढल्यानंतर इतकी माणसं पहिल्यांदाच आत येत होती. त्यात घंटा. घंटा फिरतात तेव्हा मनोरा हलतो. हे नवीन माणसाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण हलतो, आणि तो धक्का भिंतीतून पुढे येतो. हे सगळं आम्ही मोजलं होतं, तपासलं होतं. तरी माझी नजर कमानीवरून हलत नव्हती. मिलिंद कानाशी म्हणाला, "बस ना आता. किती बघशील?"

जीन दिसत नव्हती. पुढच्या बाकावर तिचा मुलगा आणि सून होती, शेजारची जागा मोकळी. मला वाटलं, तिला हे जमलं नसेल. मी हेलनकडे पाहिलं. तिने मनोऱ्याच्या दिशेने मान हलवली.

मनोऱ्याच्या तळाशी सहा दोऱ्या लोंबत होत्या आणि सहा माणसं उभी होती. पाचव्या दोरीपाशी जीन होती. बाही दुमडलेली, पायाखाली लाकडाचा ठोकळा, कारण तिचा हात पोचत नव्हता. हेलनने मला नंतर सांगितलं, ती गेले वर्षभर दर बुधवारी बस पकडून पलीकडच्या गावात घंटा शिकायला जात होती. आर्थर असेपर्यंत तिने दोरीला हात लावला नव्हता. ती म्हणायची, घंटांनी बहिरा झालेला घरात एक पुरे.

सुरुवात झाली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मग पाचवी, पण जरा उशिरा, जवळजवळ सहावीच्या अंगावर. पुन्हा फेरी, पुन्हा तसंच. एक फेरी तिला साधली आणि मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पुढच्या फेरीत ती परत मागे पडली. वादकांतल्या एकाचा आवाज येत होता, "सावकाश, जीन. खेचू नकोस, येऊ दे तिला." पण जीन खेचत होती. अख्खं चर्च कान देऊन ऐकत होतं, दर वेळी त्या उशिरा पडणाऱ्या ठोक्याची वाट बघत होतं, आणि तो पडला की श्वास सोडत होतं.

घंटा थांबल्या. जीन बाही नीट करत पुढे आली आणि आपल्या जागेवर बसली. तेव्हा मिलिंदने माझा हात दाबला आणि विचारलं, "सगळं ठीक ना वर?"

मी पाहिलंच नव्हतं.